शून्याची पोच

सोमवार हा आमच्या कचेरीत शून्यांचा वार असे. साथरोग-सर्वेक्षणाचा आठवडा सोमवारी उघडतो आणि रविवारी मिटतो. त्यामुळे दुसऱ्या सोमवारी सकाळपासून यमुनेच्या पूर्वतीरावरील आमच्या जिल्ह्यातील उपकेंद्रांचे, प्राथमिक आरोग्य केंद्रांचे, इस्पितळांचे आणि प्रयोगशाळांचे तक्ते येऊ लागत. कुणी ते फॅक्सने धाडी, कुणी ईमेलने, कुणी दूरध्वनीवरून आकडे वाचून दाखवी, तर कुणी शिपायाच्या हाती घडी घातलेला, घामाने ओलसर झालेला कागद देई. तक्त्यांचे नमुने तीन होते. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेने, जिला सारा उत्तर हिंदुस्थान ए.एन.एम. याच नावाने ओळखतो, केवळ लक्षणे पाहून भरायचा तो 'एस'; डॉक्टरांनी रोगी तपासून आणि निदानाचा अंदाज बांधून भरायचा तो 'पी'; आणि प्रयोगशाळेने खातरजमा करून भरायचा तो 'एल'. या तक्त्यांतील बहुतेक रकान्यांत शून्य असे. पुरळासह ताप, शून्य. रक्ताचे जुलाब, शून्य. चार आठवड्यांच्या आतली कावीळ, शून्य. नवख्या माणसास वाटावे की इतक्या खटाटोपाने इतकी शून्ये गोळा करण्यात कोणता पुरुषार्थ आहे? शून्य हीदेखील एक वार्ता असते, किंबहुना साथीच्या कारभारातली ती पहिली वार्ता असते, हे समजण्यासाठी माझ्या हातून एक चूक घडावी लागली.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला. १९९४ सालच्या ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यातील मामला या गावी पिसवांचा उपद्रव वाढला आणि उंदीर पडू लागले, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. उंदीर पडले की घर सोडून रानात खोपटी बांधून राहावे, हे आजीला तिच्या आजीकडून ठाऊक होते, आणि ती वार्ता ऐकताच तिने पहिला प्रश्न केला तो हा, की सरकारात कुणी कळवले आहे का? सप्टेंबरमध्ये मामल्यात गाठीचे रुग्ण निघाले, त्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचा बोभाटा झाला, लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले, आणि अल्पावधीतच दिल्लीतील किंग्जवे कॅम्पच्या संसर्गजन्य रोगांच्या इस्पितळात संशयित रुग्ण दाखल होऊ लागले. त्या दिवसांत अफवा विमानाने आणि खरी माहिती पायी प्रवास करीत होती. कित्येक देशांनी भारताकडे येणारी विमाने थांबवली, ती प्लेगच्या भयाने जितकी, तितकीच विश्वसनीय आकडा हाती नसल्यामुळे. त्या अनुभवातून रोगसर्वेक्षणाची निकड सरकारास पटली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये 'एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम' सुरू झाला. त्याचे मध्यवर्ती दफ्तर दिल्लीच्या शामनाथ मार्गावर, जुन्या मलेरिया संस्थेतून १९६३ साली उभ्या राहिलेल्या आणि २००९ पासून 'राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र' हे नाव धारण केलेल्या संस्थेत आहे. औरंगाबादेस संख्याशास्त्राची पदवी घेऊन मी करोलबागेतल्या मामांकडे आलो आणि काही काळाने याच कार्यक्रमाच्या एका जिल्हा कक्षात कंत्राटी नेमणुकीवर रुजू झालो. माझे काम एवढेच, की खालून आलेले आकडे जुळवून, त्यांचा गोषवारा करून, मुदतीत वर पाठवायचे.

मुदत हा त्या कामाचा प्राण होता, आणि तोच माझ्या चुकीचे निमित्त झाला. दर आठवड्यास वरून एक टक्केवारी विचारली जाई: एकूण केंद्रांपैकी किती केंद्रांचे तक्ते वेळेत आले? टक्केवारी घसरली की खुलासा मागवला जाई, आणि खुलासा लिहिण्याचे काम सर्वांत कनिष्ठाकडे, अर्थात माझ्याकडे येई. एका पावसाळ्यात एका उपकेंद्राचा तक्ता आला नाही. त्यापूर्वीचे दहा आठवडे तिथून कावीळ, हगवण, पुरळ यांच्या रकान्यांत शून्याखेरीज काही आले नव्हते. तेव्हा याही वेळी शून्यच असणार, असा तर्क करून मी त्या केंद्राच्या रकान्यांत स्वतःच्या हाताने शून्ये भरली. दुसऱ्या आठवड्यास तेच केले, तिसऱ्यासही तेच केले. माझी टक्केवारी निर्दोष राहिली. मौनाला मी शून्य म्हटले, आणि ते असत्य माझ्या सहीखाली वर गेले.

चौथ्या आठवड्यात दिल्लीहून दूरध्वनी आला. मध्यवर्ती केंद्रात २००८ पासून वृत्तपत्रे चाळणारा एक कक्ष आहे. देशभरच्या पत्रांतून रोगांच्या बातम्या वेचून काढायच्या आणि त्या त्या जिल्ह्यास शहानिशा करावयास सांगायचे, हे त्याचे काम. एका स्थानिक हिंदी दैनिकाच्या आतल्या पानावर आमच्या जिल्ह्यातील एका वस्तीत कावीळ पसरल्याचा लहानसा मजकूर आला होता, आणि त्याबद्दल आमचा तक्ता काय सांगतो, अशी पृच्छा होती. आमचा तक्ता शून्य सांगत होता.

दुपारी वैद्यकीय अधिकाऱ्यांसमवेत मी जीपने त्या उपकेंद्रावर गेलो. दोन खोल्यांची वास्तू, दारात साचलेले पाणी, भिंतीला टेकवलेली लशींची निळी पेटी. पन्नाशीच्या ए.एन.एम. दीदींनी न बोलता आपली नोंदवही समोर ठेवली. लाल शाईने आखलेल्या त्या वहीत नाव, वय, गल्ली, डोळे पिवळे झाल्याचा दिवस, असा सारा तपशील होता: पहिल्या आठवड्यात तीन, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात चार, अकराही माणसे एकाच गल्लीतली, आणि त्यांतल्या दोन बाया गरोदर, ज्यांच्या नावांखाली त्यांनी दुहेरी रेघ ओढली होती. दीदींनी तिन्ही तक्ते वेळेवर भरले होते आणि वेळेवर पाठवले होते. ज्या केंद्रातून ते पुढे यावयाचे, तिथला संगणकावर बसणारा मुलगा रजेवर असल्यामुळे ते एका खणात पडून राहिले होते. गल्लीतून हिंडलो तेव्हा कारण दृष्टीस पडले. पाण्याचा नळ उघड्या गटारातून गेला होता, आणि पाणी दिवसातून दोनच वेळा येत असल्याने मधल्या काळात रिकाम्या नळात दाब उरत नसे व फटीतून गटाराचे पाणी आत ओढले जाई. क्लोरीनच्या गोळ्या, पाण्याचे टँकर, नळाची दुरुस्ती, हे सर्व तीन दिवसांत झाले. जे तीन दिवसांत होण्यासारखे होते, ते तीन आठवडे थांबले होते.

दिल्लीला या रोगाची ओळख नवी नाही. १९५५ च्या नोव्हेंबरात, पुरानंतर यमुनेने पात्र बदलले आणि नजफगढ नाल्याचे मलयुक्त पाणी वजिराबादच्या जलकेंद्राच्या तोंडाशी येऊन पोचले. त्यानंतरच्या डिसेंबर-जानेवारीत शहरात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो विषाणू आज 'हेपटायटिस ई' या नावाने ओळखला जातो, आणि गरोदर स्त्रियांना तो विशेष घातक ठरतो. पाणी दूषित होण्याचा दिवस आणि डोळे पिवळे होण्याचा दिवस यांच्यात काही आठवड्यांचे अंतर असते, म्हणून पहिले तीन रुग्ण दिसतात तेव्हा पुढच्या तिसांच्या पोटात रोग आधीच शिरलेला असतो. अशा रोगात पहिल्या तिघांची वार्ता हीच काय ती आपल्या हातातली संधी. त्या दोन गरोदर बायांपैकी एक सुखरूप बाळंत झाली. दुसरी वाचली, पण तिचे मूल वाचले नाही. मी शून्य भरले नसते तर ते वाचले असते, असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. वाचले नसते, असेही मला कुणी म्हटलेले नाही.

निघताना मी दीदींना विचारले, की तीन आठवडे आमच्याकडून कुणाचा दूरध्वनी आला नाही, तर तुम्ही स्वतः का केला नाहीत? त्या रागावल्या नाहीत. आपल्या खडीबोलीत त्यांनी जे उत्तर दिले, त्याचा आशय असा: "सरजी, सहा वर्षे मी तक्ते पाठवते आहे. मिळाला, असे आजवर एकदाही कुणी कळवले नाही. मग या तीन आठवड्यांत मिळाला नाही, हे मला कसे कळावे?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपल्या भाषेत 'पाठवणे' आणि 'पोचणे' ही दोन निराळी क्रियापदे आहेत, आणि त्यांच्यामध्ये 'पोच' नावाचा एक स्वतंत्र शब्द उभा आहे. अठराव्या शतकात हिंगणे घराण्यातील वकील याच दिल्लीहून पुण्यास पेशव्यांना बातम्या धाडीत. त्या काळच्या पत्रव्यवहाराचा शिरस्ता असा, की आलेल्या पत्रावर 'पैवस्ती', म्हणजे ते दाखल झाल्याची तिथी, टिपून ठेवायची, आणि उत्तराच्या आरंभी पूर्वीचे पत्र पावल्याचे सांगायचे. नदीला पूर येई, वाटेत जासूद अडकून पडे. म्हणून जोवर पोच येत नाही तोवर पत्र पोचले असे मानायचे नाही, हे त्या कारकुनांच्या अंगवळणी पडले होते. आणि ज्या आंतरजालावरून आज आमचे आकडे धावतात, त्याचाही पाया हाच आहे. १९७४ साली व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी जी पद्धत मांडली, तिच्यात माहितीच्या लहान लहान पुड्या करून त्यांवर अनुक्रम घालतात. घेणारे यंत्र मिळालेल्या पुड्यांची पोच परत धाडते, आणि ठरल्या अवधीत पोच आली नाही तर देणारे यंत्र ती पुडी पुन्हा पाठवते. तारा तुटतात, संदेश हरवतात, हे गृहीत धरूनच त्या दोघांनी विश्वास बांधला. यंत्राने यंत्राशी जो शिष्टाचार पाळला, तो आम्ही माणसांनी माणसांशी पाळला नव्हता.

दुसऱ्या सोमवारपासून मी एक पोचवही घातली. ज्यांचा तक्ता आला, त्या प्रत्येकीस मंगळवारी दुपारपर्यंत दूरध्वनीवरून वा संदेशाने कळवायचे: आपला तक्ता मिळाला, त्यात अमुक इतके ताप आणि तमुक इतके जुलाब आहेत, बरोबर आहे ना? ज्यांचा आला नाही, त्यांच्या नावापुढे शून्य न लिहिता मोकळी चौकट ठेवायची आणि सायंकाळपर्यंत त्यांना विचारायचे. पहिले दोन महिने माझी टक्केवारी खालावली आणि मी खुलासे लिहिले. त्यानंतर एक बदल होऊ लागला, जो मी अपेक्षिला नव्हता. पोच मिळू लागली तशा आरोग्यसेविका तक्त्याच्या कडेला दोन शब्द अधिक लिहू लागल्या: 'वीटभट्टीवर नवे मजूर', 'शाळेत गोवराची कुजबुज', 'हातपंपाचे पाणी पिवळे'. आपले लिहिणे कुणी वाचते आहे, एवढे समजल्यावर माणूस डोळे अधिक उघडे ठेवतो.

या वहीची खरी कसोटी मार्च २०२० नंतर लागली. दिल्लीतला कोविडचा पहिला रुग्ण २ मार्च रोजी जाहीर झाला, आणि अल्पावधीत आमचे काम आठवड्यावरून दिवसावर आणि दिवसावरून तासावर आले. राजधानी क्षेत्राची रचना अशी, की माणूस झोपतो उत्तर प्रदेशात, कामास जातो दिल्लीत, आणि तपासणी करून घेतो हरयाणात. प्रयोगशाळा निकाल आय.सी.एम.आर.च्या पोर्टलवर चढवी, आणि पत्त्यातल्या जिल्ह्यावरून तो रुग्ण त्या त्या जिल्ह्याच्या यादीत, म्हणजे आमच्या बोलीतल्या लाइन लिस्टमध्ये, उतरे. पत्ता चुकला की रुग्ण परक्या जिल्ह्यात जाई, आणि तिथून त्यास 'क्रॉस-नोटिफाय' करून योग्य जिल्ह्याकडे वळवावे लागे. एप्रिल २०२० मध्ये दिल्ली आणि शेजारच्या जिल्ह्यांमधील हद्दीवर नाकेबंदी झाली, पण नाकेबंदीने माणसे थांबली तरी पत्त्यांचा घोळ थांबला नाही. दिल्ली, नोएडा आणि गाझियाबाद यांच्या तिठ्यावर खोडा नावाची दाट वस्ती आहे. ती गाझियाबाद जिल्ह्यात मोडते, पण तिथल्या माणसास पत्ता विचारला तर तो बहुधा 'नोएडा' म्हणतो, कारण त्याचे काम, बाजार आणि बस सारे नोएडाचे असते. अशाच एका हद्दीवरच्या गल्लीतील तरुणाचा निकाल एका यादीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत हिंडत चौथ्या दिवशी माझ्यासमोर आला. मी दूरध्वनी केला तेव्हा तो धापा टाकीत नव्हता, पण एका खोलीत राहणाऱ्या त्याच्या घरच्या पाचांपैकी तिघांना ताप होता. तो म्हणाला, "आज सांगता आहात? माझ्या घरात मीच तर सर्वांना पाणी भरून देत होतो."

त्या रात्री आम्ही नमुने घेण्याच्या मांडवात दोन गोष्टी सक्तीच्या केल्या. पहिली, पत्त्याबरोबर थाना विचारायचा. कारण जिल्हा कोणता याविषयी माणूस गोंधळतो, पण आपला थाना कोणता हे रिक्षावाल्यापासून म्हातारीपर्यंत सर्वांना ठाऊक असते, आणि एक थाना एकाच जिल्ह्यात असतो. दुसरी, माणूस खुर्चीवरून उठण्यापूर्वी त्याने दिलेल्या क्रमांकावर तिथल्या तिथे फोन लावायचा आणि त्याच्या खिशातली घंटा आपल्या कानांनी ऐकायची. ती घंटा म्हणजे पत्त्याची पोच. रांग किंचित लांबली; पण ज्यांचा ठावठिकाणाच लागत नाही अशा रुग्णांचे आमच्या यादीतले प्रमाण डोळ्यांदेखत उतरले. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की माहितीचा वेग तारेत ठरत नाही. तो पहिल्या माणसाने पहिली ओळ किती काळजीने लिहिली यावर ठरतो. तारेतून चूकही तितक्याच वेगाने जाते.

एप्रिल २०२१ चे दिवस ज्यांनी या नगरीत काढले, त्यांना त्यांचे वर्णन करून सांगणे नको. २० एप्रिलच्या एका दिवसात दिल्लीत २८,३९५ नवे रुग्ण नोंदले गेले. प्रयोगशाळा तुंबल्या, निकालास कित्येक दिवस लागू लागले, आणि इस्पितळांच्या दारांत माणसे रुग्णाला गाडीत बसवून निकालाच्या संदेशाची वाट पाहू लागली. आमच्या कक्षात रात्री बारानंतर पोर्टलचे चाक नुसते फिरत राही. नोंद गेली की नाही याची पोच पडद्यावर न उमटल्यामुळे थकलेला मुलगा पुन्हा कळ दाबी, आणि एका माणसाचे दोन रुग्ण होत. प्रत्येक नमुन्यास जो लांबलचक एकमेव क्रमांक दिलेला असतो, त्याचे प्रयोजन अशा वेळी समजते: तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर तो नवा रुग्ण नव्हे, ती पोच न मिळालेल्या माणसाची दुसरी हाक आहे. पहाटेपर्यंत आम्ही अशा दुहेरी नोंदी वेचत बसू. त्या पडद्यावरच्या ओळींत एका पहाटे आमच्याच कक्षातील एका सहकाऱ्याचे नाव उतरले. तो समोरच्या खुर्चीवर बसला होता. त्याने ते वाचले, आपला मुखपट्टा घट्ट केला, यादीतली आपली ओळ पुरी भरली, आणि मग तो घरी गेला. तीन आठवड्यांनी तो परतला, तोवर त्याच्या खुर्चीवर आम्ही कुणास बसू दिले नाही.

त्याच महिन्याच्या ५ तारखेस सर्वेक्षणाचा नवा मंच, ज्याला आम्ही आय.एच.आय.पी. म्हणतो, देशभरासाठी खुला झाला होता. पूर्वी १८ रोगांवर नजर असे, ती आता ३३ रोगांवर गेली. आठवड्याच्या गोषवाऱ्याऐवजी एकेका रुग्णाची नोंद गावानिशी, नकाशावरील स्थानासह, ज्या दिवशी घडली त्याच दिवशी वर जाऊ लागली. मी या सुधारणेचा मनापासून पक्षपाती आहे. खणात पडून राहणाऱ्या कागदाचे युग तिने संपवले. तथापि नव्या वेगाबरोबर नवी जबाबदारी आली. कोविडच्या काळात रुग्णांची नावे, पत्ते आणि क्रमांक असलेल्या याद्या लोकांच्या भ्रमणध्वनींवर फिरताना मी पाहिल्या आहेत. कुणाच्या मोलकरणीला काम सोडावे लागले, कुणाला घरमालकाने जिना बंद केला. वार्ता ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडे ती पोचली पाहिजे, आणि ज्याच्यासाठी नाही त्याच्याकडे पोचता कामा नये. विश्वसनीयतेचे हे दोन्ही अर्थ सारख्याच तोलाचे आहेत. रोगी आपली माहिती आपल्या हाती देतो ती ठेव म्हणून. ती ठेव फुटली, तर पुढच्या साथीत तो आपल्याला नाव खोटे सांगेल, आणि मग कितीही वेगवान जाळे उभारले तरी त्यातून खोटेच धावेल.

त्या दीदी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. हाती सरकारी टॅब आला, रकाने पडद्यावर आले, आणि नोंद गेली की हिरवी खूण उमटून यंत्र त्यांना क्षणात पोच देते. माझी पोचवही त्यामुळे कपाटात गेली आहे, आणि ते योग्यच झाले. तरीसुद्धा सोमवारी अकराच्या सुमारास त्यांचा दूरध्वनी येतो. गेल्या पावसाळ्यातल्या एका सोमवारी मी त्यांना म्हटले, "दीदी, यंत्राने पोच दिली असताना तुम्ही कशाला तसदी घेता? तुमचा तक्ता मिळाला, कावीळ शून्य आहे." पलीकडे क्षणभर शांतता होती; पाऊस पडत असल्याचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "ते यंत्राला कळले, सरजी. तुम्हाला एवढेच सांगायचे होते, की हे शून्य मी त्या गल्लीतल्या प्रत्येक दारात उभी राहून लिहिले आहे."